केसांचा जमाखर्च

माझी धाकटी जाऊ बँकेत नोकरीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब पाहिल्यावर घरी येऊन पुन्हा कोणी वही उघडील असे वाटत नाही. पण ती उघडते. सासरेबुवांनी लावलेली सवय. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. एका मार्चअखेरीस तिने वर्षाच्या बेरजा मांडल्या, तेव्हा दूध, वीज, मुलांच्या शिकवण्या यांच्या खाली एक आकडा असा निघाला, की तो तिने दोनदा तपासला. 'पार्लर (केस) - ४०,७०० रुपये.'

आकडा खोटा नव्हता. दर महिन्याला 'हेअर स्पा', एका वेळचे १,४०० प्रमाणे १६,८००. मुळांना रंग, तोही दर महिन्याला, १,१०० प्रमाणे १३,२००. दोन महिन्यांनी एकदा केस कापणे, ७०० प्रमाणे ४,२००. आणि पुतणीच्या लग्नाआधी केस सरळ करून घेतले, त्याचे ६,५००. धाकटे भाऊजी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "एवढ्यात एक चांगला फ्रीज आला असता." भाऊजींच्या स्वतःच्या डोक्यावर आता हिशेब ठेवण्याजोगे काही उरलेले नाही, तेव्हा त्यांनी न बोललेलेच बरे. पण जाऊ जे म्हणाली, ते मात्र माझ्या मनात राहिले. "पैशांचं एक वेळ सोडा हो वहिनी. एवढं करून केस कुठे चांगले झालेत? उलट गळताहेत."

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पार्लर आणि सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेल आणि शाम्पूवरचाही तसाच उतरला. तेवढाच दिलासा. पण आपण पैसे मोजतो ते नेमके कशाचे, हे कराचा दर बदलल्याने कळत नाही. ते कळायचे तर आधी केस म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागते.

डोक्याच्या कातडीखाली केसाचे जे मूळ असते, तेवढेच जिवंत. कातडीबाहेर दिसतो तो केस निर्जीव असतो. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले बारीक खवले. कौले नीट बसलेली असली की उजेड त्यांवरून सरळ परावर्तित होतो आणि केस चमकतो. कौले उचकटली, तुटली, की केस राठ लागतो, एकमेकांत अडकतो, आणि शेवटी टोकाला फाटे फुटतात. नखाप्रमाणेच केसालाही झालेली इजा स्वतःहून भरून काढता येत नाही, कारण भरून काढायला आत जिवंत असे काही नसतेच.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याच्या थोडे खाली आलेल्या केसांची टोके दोन-अडीच वर्षांची असतात, आणि कमरेपर्यंत वेणी असेल तर तिचा शेंडा पाच वर्षांचा. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरले, तर तो शेंडा पाचशेहून अधिक वेळा धुतला गेलेला असतो. पाचशे वेळा धुतलेल्या सुती साडीचे काय होते, हे मराठी बायकांना सांगायला नको. साडी आपण हलक्या हाताने पिळतो, सावलीत वाळवतो, कडक इस्त्री फिरवत नाही. केसांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो, आणि मग पार्लरमध्ये जाऊन 'रिपेअर' मागतो.

पार्लरमधले 'स्पा' हे या साडीला दिलेल्या खळीसारखे आहे. खळ दिल्यावर साडी कडक, सुबक दिसते; नेसताना बरे वाटते. त्यात फसवणूक नाही. पण पुढच्या धुण्याला खळ निघते आणि साडी होती तेवढीच जुनी राहते. स्पाच्या क्रीममध्ये मुख्यतः कंडिशनरच असतो. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या रेणूंवर धन. म्हणून ते नेमके झिजल्या जागी जाऊन चिकटतात आणि कौले तात्पुरती बसवतात. सिलिकोन असेल तर वरून पातळ गुळगुळीत थर चढतो. वाफ, मालिश, डोळे मिटून अर्धा तास शांत बसणे, हे सगळे सुखाचेच. त्या सुखासाठी कोणी वर्षातून दोनदा गेले तर मी नाक मुरडणार नाही; घरातल्या बाईला अर्धा तास डोळे मिटून बसायला दुसरी जागा तरी कुठे असते? पण ते सुखाचे पैसे आहेत, औषधाचे नाहीत, एवढे वहीत लिहिताना लक्षात असावे. हेच काम दुकानात मिळणारा साधा कंडिशनर न्हाण्याच्या शेवटी दोन-तीन मिनिटे ठेवून बराचसा करतो. तो लावायचा केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत; मुळांशी नको, तिथे केस नवे असतात आणि चपटे मात्र होतात.

आता तेल. आजी सांगत होती ते सगळे खरे आणि कंपन्या सांगतात ते सगळे खोटे, असे म्हणण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. तसे नाही. पण खोबरेल तेलाच्या बाबतीत आजीच्या बाजूने पुरावा आहे. २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स' या नियतकालिकात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध झाली. धुण्याआधी किंवा धुतल्यानंतर लावले असता केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करणारे तेल तिघांपैकी एकच निघाले, ते म्हणजे खोबरेल. हे संशोधन मुंबईच्या मॅरिको या खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या संशोधकांचे होते, तेव्हा ते थोडे हात राखून वाचावे. पण त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो. बाकीची तेले बरीचशी वरच राहतात. केस ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यानेच कौले उचकटतात. आत तेल असले की केस पाणी कमी पितो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की तेल न्हाण्याआधी लावायचे. रात्रभर ठेवलेच पाहिजे असे नाही. दोनेक तास पुरेत. आणि ते केसांना लावायचे, विशेषतः टोकांना. आपल्याकडे वाटीभर तेल टाळूवर जिरवतात आणि टोके कोरडी सोडतात. टाळूला चोळल्याने बरे वाटते, झोप लागते, पण केसांच्या मुळांना त्या तेलातून काही 'खाद्य' मिळत नाही. मुळांचे खाद्य रक्तातून येते. त्याबद्दल पुढे सांगायचेच आहे.

एका बाबतीत मात्र आजी चुकत होती. डोक्यात कोंडा झाला की ती आणखी तेल थापायची. कोंड्यामागे बहुधा मॅलासेझिया नावाची बुरशी असते, आणि ती टाळूवरच्या तेलकटपणावरच जगते. तिला तेल घालणे म्हणजे उंदरांसाठी डबा उघडा ठेवणे. कोंडा असेल तर रात्रीचे तेल बंद करावे. केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटे टाळूवर ठेवून वापरावा. महिनाभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पार्लरमधल्या 'डॅन्ड्रफ ट्रीटमेंट'च्या सहा बैठकांपेक्षा हे स्वस्त पडते आणि उपायही खरा असतो.

शिकेकाई-रिठ्याचे काय, असे विचारणारे वाचक असतीलच. दोन्हींत सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते. म्हणजे हा झाडाला लागणारा साबणच. शिकेकाई, बी काढलेला रिठा, आवळकाठी रात्री भिजवून सकाळी उकळायची, गाळून ते पाणी वापरायचे. गाळणे नीट हवे, नाहीतर भुसा दिवसभर केसांतून पडत राहतो. रिठा डोळ्यांत गेला तर काय होते, हे ज्यांना आईने दर रविवारी मोरीत बसवून न्हाऊ घातले आहे त्यांना विचारा. ज्याला वेळ आहे आणि ज्याच्या केसांना हे मानवते त्याने जरूर करावे. पण वेळ नसलेल्या बाईने शाम्पू वापरला म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. अंगाचा साबण मात्र केसांना लावू नये. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसून त्यांना निस्तेज करतो. शाम्पू तसा साका धरत नाही.

शाम्पू हा शब्दच मुळात आपला आहे. हिंदीतल्या चाँपना, म्हणजे दाबणे-चेपणे, यावरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी वाफेचे स्नान आणि चंपीचे दुकान थाटले आणि ते थेट राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. पुढे तो शब्द चोळण्यावरून धुण्यावर सरकला, आणि बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. 'प्यासा'मधला जॉनी वॉकर तेलाची बाटली घेऊन जे करत हिंडत होता, तोच खरा मूळचा शाम्पू! बाटली परवडेना तेव्हा पुडी आली. तामिळनाडूतल्या कडलूरहून १९८३ साली सुरू झालेल्या 'चिक'सारख्या छापांनी ती गावोगावच्या टपरीवर टांगली. पुडीचा एक फायदा अजूनही आहे. तिच्यामुळे हात आवरता राहतो. बाटलीतून आपण गरजेच्या दुप्पट शाम्पू ओततो. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असे काही नसते. शाम्पू टाळूसाठी असतो, टोकांना खाली वाहत जाणारा फेस पुरतो.

न्हाऊन झाल्यावर आपण केसांवर जो अत्याचार करतो, तो बंद करायला एक पैसाही पडत नाही. ओला केस सर्वांत दुबळा असतो. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा घरातला जुना, मऊ झालेला पंचा घ्यावा, केस त्यात गुंडाळून दाबावेत. पूर्वीच्या बायका पंचा गुंडाळून स्वयंपाकाला लागत, त्यात अडाणीपणा काही नव्हता. गुंता काढायचा तो रुंद दातांच्या कंगव्याने आणि टोकांकडून वर वर जात. वरून खाली ओढले की सगळ्या गाठी शेवटी एकत्र येतात आणि तुटतात. ओल्या केसांवर गरम इस्त्री-चिमटा तर कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या धाग्यात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो. लोखंडी तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, म्हणजे कल्पना येईल. रोज घट्ट ओढून बांधलेली शेंडी कपाळाच्या कडेचे केस हळूहळू कायमचे घालवते. शाळकरी मुलींच्या आयांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

घरगुती लेपांबद्दल थोडक्यात. दही, कोरफड, भिजवलेल्या मेथ्यांचा बुळबुळीत गर, जास्वंदीची पाने हे सगळे केस मऊ करतात, तेवढ्यापुरते चांगले. अंड्यातले प्रथिन इतके मोठे असते की ते केसात शिरू शकत नाही. नुसते वर वाळते आणि धुताना गरम पाणी वापरले तर डोक्यातच शिजते. अंडे खावे. आणि बायोटिनच्या गोळ्या, ज्या हल्ली ओळखीच्या प्रत्येक पर्समध्ये दिसतात, त्यांचा बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाला काही उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही. उलट जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिलेला आहे. थायरॉइडची तपासणी करायची असेल तर डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल जरूर सांगावे.

मग पार्लरमध्ये कशासाठी जायचे? माझ्या मते कापण्यासाठी, आणि तिथे काटकसर करू नये. चांगला हात आणि धारदार कात्री यांना पर्याय नाही. घरातल्या कात्रीने, जिने दुधाच्या पिशव्याही कापल्या जातात, केस कापले की टोके चिरडतात आणि महिन्याभरात फाटे फुटतात. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रयोग महाराष्ट्रातल्या घराघरांत झाला. सलून बंद झाली ती २८ जूनला अटींसह उघडली, आणि मधल्या तीन महिन्यांत बापांनी मुलांची आणि बायकांनी नवऱ्यांची डोकी हाताखाली घेतली. लहान मुलांचे आणि पुरुषांचे मशीनने बारीक कापणे घरी बरे जमते, हे त्यातून बऱ्याच घरांना समजले, आणि यंत्राचे पैसे काही महिन्यांत वसूल होतात. कपाळावरची बट अर्धा सेंटिमीटर कमी करणेही जमते, मात्र कोरड्या केसांवर. ओला केस लांब भासतो आणि वाळल्यावर वर चढतो. पण मागून सरळ रेषा आणि थर ही कामे आरशात बघून होत नाहीत.

त्याच तीन महिन्यांत ज्यांची दुकाने बंद होती त्या नाभिक कुटुंबांनी कसे दिवस काढले, तेही आपण पाहिले आहे. तेव्हा खर्च कमी करणे म्हणजे कात्री चालवणाऱ्याशी घासाघीस करणे नव्हे. याच व्यवसायातल्या माणसांनी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले होते. पोटावर पाय येणार हे दिसत असताना घेतलेला तो निर्णय होता. कौशल्याचे दाम पूर्ण द्यावेत. वाचवायचे ते न लागणाऱ्या गोष्टींचे. कापणाऱ्याला एवढेच सांगावे, की "तीन महिने यायला जमणार नाही, वाढल्यावरही बरा दिसेल असा काप." जाणता कारागीर थर कमी ठेवतो, टोके जाड राखतो, आणि मग दोन महिन्यांऐवजी तीन-साडेतीन महिने खुशाल निघतात. फाटे फुटलेला भाग कापलाच पाहिजे, त्याला दुसरे औषध नाही. पण तो पेराभरच असतो.

रंगाचा खर्च सर्वांत चिकट, कारण एकदा सुरू केला की दर महिन्याला मूळ पांढरे दिसते. घरी रंग लावायला काही हरकत नाही. पार्लरमध्ये बहुधा तशीच दोन द्रव्ये कालवून लावतात. पण दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, दर वेळी रंग फक्त वाढलेल्या मुळांना लावायचा. टोकांपर्यंत पुन्हा पुन्हा ओढला की जुना केस आणखी भाजतो. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. काळ्या रंगांत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन, असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. डोळे सुजून बंद होतात, टाळूवर पाणी धरते, क्वचित श्वासही अडतो. वर्षानुवर्षे वापरूनही ती एखाद्या दिवशी अचानक उद्भवू शकते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहायची. डब्यावर हे छापलेले असते आणि आपण ते कधीही वाचत नाही. 'काळी मेंदी' या नावाने मिळणाऱ्या पुड्यांवर तर अजिबात विसंबू नये. मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच, तांबूस असतो. पुडीतून काळा रंग आला तर त्यात बहुधा पीपीडीच मिसळलेले असते.

शुद्ध मेंदीने तांबूस रंग आवडत असेल तर उत्तम. काळसर हवा असेल तर मेंदी धुऊन टाकून वर निळीच्या झाडाच्या पानांची पूड साध्या पाण्यात कालवून लावतात. दोन रंग मिळून गडद तपकिरी ते काळा होतो. (धुण्याची नीळ नव्हे बरे का! एका वाचनप्रिय मावशींनी तो प्रयोग केला आणि आठवडाभर डोक्याला पदर घेऊन वावरल्या.) मेंदीने केस कोरडे होतात, तेव्हा आदल्या दिवशी नव्हे तर दुसऱ्या दिवशी तेल. आणि हे काही करायचे नसेल, तर पांढरे केस नीट कापून नीट विंचरले की काय वाईट दिसतात? पण हा ज्याचा त्याचा प्रश्न. चाळिशीतल्या बाईला बँकेच्या खिडकीत बसायचे असते, तिथे लोक काय म्हणतात हे मला घरी बसून सांगता येणार नाही.

केस सरळ करण्याच्या उपचारांबद्दल मात्र मी स्पष्टच लिहिते. ते घरी स्वस्तात करू नयेत, आणि बाहेर महागातही करू नयेत. 'केराटिन', 'स्मूदनिंग' अशा नावांच्या काही द्रव्यांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून गणला आहे. त्याची सर्वाधिक झळ बसते ती दिवसभर ते काम करणाऱ्या पार्लरमधल्या मुलींना. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असे सांगून जी द्रव्ये आली त्यांतल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. २०२४ सालच्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली. तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. सरळ केसांसाठी एवढी किंमत? आपल्या मातीत कुरळे केस काही कमी नाहीत. ते ओले असतानाच कंडिशनर लावून बोटांनी मोकळे करावेत आणि वाळल्यावर विंचरू नयेत, तेवढ्याने ते आपला आकार धरतात.

आता जाऊबाईंच्या गळणाऱ्या केसांकडे येते. तिचे केस गळायला लागले ते गणपतीनंतर. पार्लरमधल्या बाई म्हणाल्या, केसांना पोषण कमी पडतंय, स्पा चुकवू नका. तिनेही चुकवला नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसातही चालते, कारण डोक्यावर लाखभर केस असतात आणि प्रत्येकाची वाढण्याची, विसाव्याची आणि गळण्याची पाळी ठरलेली असते. पण तिच्या उशीवर, मोरीच्या जाळीत, पोळीच्या कणकेत केस सापडू लागले होते. मार्चमध्ये वहीतला आकडा पाहिल्यावर मी तिला म्हटले, "एक स्पा कमी कर आणि डॉक्टरांकडे चल."

डॉक्टरांनी केसांकडे नंतर पाहिले, आधी कॅलेंडरकडे. जूनमध्ये तिला टायफॉइड झाला होता. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांसारख्या धक्क्यानंतर पुष्कळसे केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणूनच कारण कोणाच्या लक्षात येत नाही. ते गळणे बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. हिचे थांबले नव्हते. मग त्यांनी पाळीबद्दल विचारले. ती माझ्याकडे पाहू लागली. दोन वर्षांपासून फार रक्तस्राव होत होता, दर महिन्याला दोन दिवस ती बँकेत कशीबशी उभी राहत होती, आणि हे तिने घरात कोणालाही सांगितले नव्हते. मलाही नाही. "या वयात होतंच ना," ती म्हणाली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९. बाईचे १२ च्या वर हवे. त्या तपासणीला एका स्पाच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शरीराला लोह कमी पडले की ते आधी हृदय, मेंदू सांभाळते. केस त्याच्या यादीत फार खाली. पांडुरोगाने ओढलेला चेहरा आपण 'दमलीस का ग' म्हणून सोडून देतो. केस मात्र डोळ्यांना दिसतात, म्हणून बाई त्यांच्यासाठी घराबाहेर पडते, आणि जाते ती पार्लरमध्ये. थायरॉइडचेही तसेच. तेव्हा केस अचानक मूठमूठ गळू लागले, भांग रुंद होऊ लागला, किंवा एखादी जागा रुपयाएवढी मोकळी दिसली, तर पहिला खर्च डॉक्टरांकडे. लोहाच्या गोळ्याही त्यांनीच सांगितल्यावर घ्याव्यात. आणि लोह भरून आले तरी केस लगेच दिसत नाही. वाढीचा वेग तोच, महिन्याला सेंटिमीटर.

जाऊच्या गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती, औषधांवर भागले. पुढच्या मार्चमध्ये तिने वही माझ्यासमोर ठेवली. कापणे, चार वेळा, २,८००. रंग, घरी, २,१६०. स्पा एक, तिच्या वाढदिवसाला, १,४००. त्याखाली नवी ओळ होती, 'डॉक्टर व औषधे', आणि तिचा आकडा आधीच्या वर्षी कोराच होता. भाऊजींनी बेरीज पाहिली आणि या वेळी फ्रीजचे नाव काढले नाही.

ती आरशासमोर उभी होती. भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे राहिले होते, आणि ती ओल्या हाताने ते दाबून बसवायची खटपट करत होती.

"बघा ना वहिनी, किती विचित्र दिसतंय. काही केल्या बसत नाहीत."

"असू देत उभे," मी म्हटले.